खळ्यावर ओढलेली चादर

पालघरहून मनोरकडे निघालेला रस्ता एका ठिकाणी सोडला, की आधी डांबर संपतं, मग खडी संपते, आणि पुढे नुसती लाल पाऊलवाट डोंगराला लागते. त्या वाटेच्या शेवटी आंबेखडक पाडा. कुडाची घरं, घरांखाली उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि वर कातळ. अंकुश देवू वरठा हा या पाड्याचा. खुर्चीवर बसून पोट भरणारा पाड्यातला पहिला माणूस.

हे वाक्य अंकुशचं नव्हे, त्याच्या बापाचं. देवू ते कुणालाही ऐकवायचा. बाजारात मीठ घेताना दुकानदाराला, लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी पाव्हण्याला, एकदा तर बैलाच्या पायाला औषध लावायला आलेल्या डॉक्टरालाही. “माजा अंकुश बोईसरला हाय. काचेत सगळी जमीन दिसते त्याला. डोंगर असा फिरवतो,” असं म्हणून तो हात हवेत फिरवून दाखवायचा, कुंभार चाकावरचं मडकं फिरवतो तसा. ऐकणारा हसायचा. अंकुश जवळ असला तर दुसरीकडे बघायचा.

बापाचं खोटं नव्हतं. अंकुश पालघरच्या आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकला आणि बोईसरला जमीन मोजणी करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागला. खाली हार्डवेअरचं दुकान, वर ऑफिस. खिडकीखालून तारापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांचं हिंदी दिवसभर वाहत असायचं. अंकुशही महिन्याभरात ते बोलायला लागला. आपण कुठले, असं कुणी विचारलं तर “मनोरकडचा” एवढंच सांगायचा. मनोर मोठं गाव आहे, त्यात कुणीही असू शकतं.

ऑफिसचे मालक कुंदनसर. केळव्याकडच्या वाडीतले, पानवेलींत वाढलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत. अंकुशला काम त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना पुस्तकातला शब्द न वापरता घरातला वापरला.

“यंत्राने मोजलेला एकेक ठिपका म्हणजे जमिनीत रोवलेली खुंटी समज,” ते म्हणाले होते. “त्या खुंट्यांवर आपण चादर अंथरतो. ती झाली संगणकातली जमीन. पण सगळ्यावर एकच चादर ओढलीस तर फसलास. विहिरीच्या अलीकडची खुंटी आणि पलीकडची खुंटी यांच्यात चादर ताणली जाते आणि विहीर नाहीशी होते. म्हणून मूळ जमिनीची चादर वेगळी. माणसाने बांधलं, खणलं, त्याची वेगळी. उद्या होणाऱ्या रस्त्याची वेगळी. आणि जिथे खुंटीच नाही तिथे चादर कापायची. भोक ठेवायचं. भोक दिसलं की कुणीतरी विचारतं. झाकलेल्याला कुणी विचारत नाही.”

अंकुशचा या कामात हात चांगला बसला. खाचराचा बांध कुठे फुगतो, पाणी कुठल्या कोपऱ्यातून खालच्या खाचरात उतरतं, हे त्याला मोजणीच्या ठिपक्यांवरूनच कळायचं. इतरांना काचेवर त्रिकोणांचं जाळं दिसायचं. अंकुशला त्या जाळ्यात वाकून चिखल तुडवणारी माणसं दिसायची. पण हे तो कुणाला बोलला नाही.

मग एका वर्षी, भातं पिवळी व्हायला लागली तेव्हा, आंबेखडकच्या रस्त्याचं काम ऑफिसात आलं.

हा रस्ता पाड्याने पिढ्यान्‌पिढ्या मागितलेला. पावसाळ्यात अडलेली बाई झोळीत घालून खाली न्यायची, आणि झोळी धरणाऱ्यांचे पाय घसरायचे. अंकुशचा स्वतःचा जन्म त्या वाटेच्या अर्ध्यावर, आंब्याखाली झालेला. म्हणून कुंदनसरांनी कामाचं नाव वाचून दाखवलं तेव्हा त्याला आनंद झाला, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. वाट दाखवायला कुणी माहीतगार हवा, असं सर म्हणाले. तेव्हा त्याला सांगावंच लागलं की तो पाडा त्याचा आहे.

मोजणीच्या दिवशी जीप जिथवर जाईल तिथवर गेली आणि पुढे सगळे चालले. यंत्रावर एक माणूस, आणि काठी धरायला प्रीतम. प्रीतम मुरब्याचा, मासेमाराच्या घरातला, खांद्याने रुंद, तोंडाने त्याहून मोकळा. काठीच्या वरच्या टोकाला आरसा, खालच्या टोकाला लोखंडी अणी. अणी जमिनीत रोवायची, यंत्रावरचा माणूस आरशावर नेम धरणार, आणि ठिपका नोंदला जाणार. प्रीतम वाटेभर अंकुशची टर उडवत होता. “सगळे पोरीला माहेरी पोचवतात, आमी पोराला पोचवतोय,” असं म्हणत होता.

पाड्यावर नवसी, अंकुशची आई, दारात उभी होती. तिने तांदळाच्या भाकरी केल्या होत्या आणि सुकटीची चटणी वाटली होती. अंकुशने दुरूनच हात केला आणि कामाची घाई आहे अशी खूण करून पुढे गेला. त्याच्या अंगात ऑफिसचं नाव छापलेला टीशर्ट होता आणि पायात नवे बूट. मोजणी खाचरांतून वर सरकत गेली आणि दुपारच्या आधी खळ्यापाशी आली.

पाड्याला खळं एकच. डोंगराच्या उतारावर सपाट जागा तेवढीच, आणि तीही आपोआप झालेली नव्हे. वरच्या अंगाला पुरुषभर उंचीची दरड खणलेली, खालच्या अंगाला दगडांचा बांध रचलेला, मधे ताटलीसारखं सपाट आणि शेणाने सारवून गुळगुळीत केलेलं. कुठल्या पणजोबाने हे काढलं ते कुणाला ठाऊक नाही. बाजूला भाताचे भारे रचलेले, मधे खांब, आणि खांबाभोवती बैल फिरून गेल्याच्या खुणा. प्रीतमने काठी उचलली आणि आत पाय टाकणार, तोच देवू वाटेत येऊन उकिडवा बसला. एक हात त्याने सारवलेल्या जमिनीवर ठेवला.

“लोखंड नाय. बूट पण नाय,” तो म्हणाला. “आत कणसरी हाय.”

कणसरी म्हणजे धान्याची आई. पहिला भारा खळ्यावर आला की ती तिथे येऊन बसते. तिच्या अंगात लोखंड टोचलं, तिच्यावर चपलेचा पाय पडला, तर ती रुसून निघून जाते आणि पुढच्या वर्षी कणसं पोकळ भरतात. अंकुश हे अंगावरचं दूध पीत होता तेव्हापासून ऐकत आला होता.

प्रीतमने काठी अधांतरी धरली आणि अंकुशकडे बघितलं. “आई झोपली हाय काय रे आत?” तो म्हणाला. “उठवत नाय. हलकेच एक पॉइंट घेतो, तिला कळायचं पण नाय.”

यंत्रावरचा माणूस हसला. अंकुशही हसला. त्याला हसू आलं नव्हतं, तरी हसला. मग त्याने बापाकडे पाहिलं. घरी तो बापाला “बा, तू” म्हणायचा, साऱ्या पाड्यात असंच म्हणतात. त्या दिवशी त्याच्या तोंडून दुसरंच निघालं.

“तुम्ही जरा बाजूला व्हा. त्यांना काम करू द्या.”

देवू उठला नाही. पण त्याने एकदा मुलाकडे असं पाहिलं, जसं माणूस आपल्या दारात उभं राहून आपलंच घर ओळखू न आल्यासारखं पाहतो. अंकुशला ती नजर सोसेना. तो प्रीतमला म्हणाला, “राहू दे. भोवतीचे पॉइंट घे. आतलं मी ऑफिसात बघतो.”

ते सगळे पुढे गेले. प्रीतमने दरडीच्या वर ठिपके घेतले, बांधाच्या खाली घेतले. दरडीचा पाय, बांधाचा माथा, मधला सपाट भाग, काहीच मोजलं गेलं नाही. आणि त्या संध्याकाळी देवूने घरोघर जाऊन सांगितलं, की पोराने साहेबाच्या माणसाला थांबवलं, कणसरीला हात लावू दिला नाही. ही गोष्ट अंकुशला फार उशिरा कळली.

ऑफिसात बसून त्याने ठिपके काचेवर घेतले आणि मूळ जमिनीची चादर अंथरली. खाचरं नीट आली, पाऊलवाट आली, ओहोळ आला. खळ्याच्या जागी मात्र लांबच लांब त्रिकोण ताणले गेले होते, दरडीच्या माथ्यावरून थेट बांधाच्या पायथ्याशी. दरड नाही, बांध नाही, ताटली नाही. एकसारखा उतार, जणू तिथे गवताखेरीज कधी काही नव्हतंच. जाणत्या माणसाने बघताक्षणी ओळखावं की इथे खुंट्या नाहीत, चादर हवेत लोंबते आहे.

काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. खळ्याची कड त्याला डोळे मिटूनही काढता आली असती, लहानपणी त्या पेंढ्यात तो कितीदा झोपला होता. तेवढी कड आखायची, आत चादर कापायची, आणि सरांना सांगायचं की इथलं मोजमाप राहिलंय, परत जायला हवं, मग खळ्याची वेगळी चादर करतो. एवढंच. त्याने कड आखायला घेतलीही.

पण सर विचारणार, का राहिलं. मग सांगावं लागणार. आणि मागच्या टेबलाशी प्रीतम चहा पिता पिता तीच गोष्ट भाविकाला सांगत होता. भाविका त्याच्याच बरोबरीने नकाशे काढायची. आई आत कशी झोपली होती, म्हातारा जमिनीवर हात ठेवून कसा बसला होता. तो म्हातारा अंकुशचा बाप, हे प्रीतमलाही ठाऊक नव्हतं. अंकुशने सांगितलंच नव्हतं. भाविका हसत होती. त्यात वाईट काही नव्हतं, माणसं चहाबरोबर हसतात तसं ते हसणं. अंकुशचे कान मात्र तापले आणि माऊसवरचा हात थांबला.

त्याने अर्धवट आखलेली कड पुसली. एवढ्यावर तो थांबला असता तरी ती नुसती चूक राहिली असती. पण लांब त्रिकोण उघडे दिसत होते. म्हणून त्याने त्यांच्यावरच्या उंचीच्या रेषा घोटून घोटून गोल केल्या, आजूबाजूच्या उतारात मिसळून टाकल्या, सारवण करणारी बाई भेग बुजवते तशा. आता भोकही नव्हतं आणि भोक होतं याची खूणही नव्हती.

त्या चादरीवर रस्त्याची आखणी बसवली तर ती लोण्यासारखी बसली. डोंगर किती कापायचा आणि किती भरायचा, दोन्ही जुळलं. कुंदनसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, घरच्या जमिनीवर तुझा हात बसलाय. अंकुशने मान हलवली. त्या दिवशी जेवणाचा डबा त्याने तसाच परत नेला.

होळी जवळ आली तेव्हा एका रविवारी तो घरी निघाला. खालच्या वळणावरूनच त्याला दिसलं. डोंगराच्या अंगावर पांढरी रेघ चढत गेली होती. चुन्याची, ठेकेदाराच्या माणसांनी टाकलेली, सफाईदार आणि सुरेख. ती खाचरांच्या कडेने वर आली होती, बांध ओलांडून खळ्यात शिरली होती आणि दरडीतून पलीकडे निघून गेली होती. तो वर चढून आला तर ताटलीच्या मधोमध, जिथे मळणीचा खांब उभा राहतो त्या खळगीत, एक लाल रंगाची खुंटी ठोकलेली होती.

अंकुश तिथेच उभा राहिला. ती रेघ त्याच्या ओळखीची होती. तिचं प्रत्येक वळण त्यानेच काढलं होतं.

घराच्या अंगणात माणसं जमली होती. चिडलेली नव्हती, गोंधळलेली होती. रस्ता हवाच, पण खळ्यावरून कसा काय, तिथे तर पुरुषभर दरड आहे, दिसलं नाही का कुणाला, असं ते आपसांत बोलत होते. देवूची थोरली बहीण रखमा खांबाला टेकून बसली होती. तिच्या जिभेला धार होती आणि ती पाड्यात सगळ्यांना ठाऊक होती. मोजायला आलेल्या काठीवाल्याला तिनेच तांब्याभर पाणी दिलं होतं. “माज्या पाण्याला जागला नाय मेला,” ती म्हणाली. “आत येऊ दिला नाय म्हणून डूख धरलान्‌.”

देवूने बहिणीला गप्प केलं. म्हणाला, आपला अंकुश तिथे आहे, तो असं होऊ देणार नाही, त्याने बरोबर काढलं असणार आणि मागाहून कुणीतरी बदललं असणार. कोळगावला कलेक्टरच्या ऑफिसात सगळ्यांनी जायचं आणि अंकुशने पुढे उभं राहून बोलायचं, असं ठरलंही होतं. सगळ्यांनी अंकुशकडे पाहिलं. त्या नजरांत संशयाचा कणही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मी बघतो,” अंकुश म्हणाला. आणि म्हणताना त्याला आठवलं, खळ्याच्या काठावरही आपण हेच म्हणालो होतो.

नवसीने त्याला घरात बोलावलं, ताट वाढलं. त्याने चार घास खाल्ले. आई म्हणाली, कामाचा शीण दिसतो तुझ्या तोंडावर, आणि आणखी एक भाकर ताटात सरकवली. त्याला वाटलं, हिने एकदा कान धरून विचारावं. पण ती पाणी आणायला उठली.

सोमवारी तो ऑफिसात पोचला तेव्हा प्रीतम सरांसमोर उभा होता, दोन्ही हात मागे बांधून. ठेकेदाराच्या माणसाचा फोन येऊन गेला होता. जागेवर बांध आहे, दरड आहे, नकाशात काहीच नाही, सगळा हिशेब चुकतो, असं त्याने सांगितलं होतं. कुंदनसर नेहमीच्याच आवाजात विचारत होते, तिथले पॉइंट का घेतले नाहीत.

प्रीतमने दारातून आत येणाऱ्या अंकुशकडे पाहिलं. एवढा बडबडा माणूस, पण त्याने नाव घेतलं नाही. “सुटले असतील सर,” तो म्हणाला.

सर म्हणाले की एक-दोन सुटतात, अख्खी जागा सुटत नाही, आणि असं असेल तर काठीला दुसरा माणूस बघावा लागेल. प्रीतम पुन्हा अंकुशकडे बघत राहिला. वाट बघावी तसं. अंकुश दारात उभा होता. पाठीवरची बॅगही त्याने काढली नव्हती. गप्प राहिलो तर आताच सगळं मिटेल, हे त्याला दिसत होतं. काठीवाल्याची चूक ठरेल, पाडाही तेच म्हणतो आहे, बापही तेच म्हणेल. झाकायला चादर तयारच होती. नुसती ओढायची होती.

“सुटले नाहीत,” तो म्हणाला. “मी नको म्हणालो. आणि भोक दिसत होतं सर. ते मी बुजवलं.”

कुंदनसरांनी नकाशा काचेवर उघडला. चादर तिरकी करून पाहिली, खळ्याच्या जागी आणली आणि त्या घोटून गोल केलेल्या रेषा जवळ घेऊन पाहिल्या. ओरडले असते तर अंकुशला उभं राहायला आधार झाला असता. त्यांनी एकच शब्द विचारला, “का?”

अंकुशने पाठीवरची बॅग उतरवून खाली ठेवली. मग त्याने सांगितलं, की तिथे आमची कणसरी होती. हात ठेवून बसलेला म्हातारा माझा बाप. आणि मला तुम्हाला हे सांगायची लाज वाटली.

भाविका टेबलावरची पट्टी उगाच सरळ करत होती. सरांनी सांगितलं, उद्याच दोघं वर जा, यंत्र प्रीतमकडे दे आणि काठी तू धर. खळ्याची चादर वेगळी करून आण. मग ते आपल्या कामाला लागले. पण त्या दिवसापासून अंकुशने काढलेला प्रत्येक नकाशा ते सही करण्याआधी एकदा तिरका करून बघतात. आधी कधी बघत नसत.

जिन्यात प्रीतमने त्याला गाठलं. चिडला नव्हता. खालच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “मी हसलो ते चुकलं. पण तुजा बा हाय हे तरी सांगायचंस. आमच्या होडीवर पण पुढच्या टोकाला, नाळेला, चपलेचा पाय चालत नाय. माजा आजा हाणेल. तू नुसतं म्हणला असतास, आई हाय आत, तर मी दहा हात लांब झालो असतो.”

ज्या हसण्याला आपण इतके भ्यालो ते एवढंसं होतं, हे कळल्यावर त्याला आणखीच लहान झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खळ्याच्या काठाशी आल्यावर त्याने आधी बूट काढले. देवू बांधावर बसलेला होता. पांढरी रेघ त्याच्या मागून जात होती.

“घाल बूट,” देवू म्हणाला. “काटे लागतील.”

“खळं हाय बा.”

“आता कुठलं खळं. कणसरी कवाच घरी गेली, कणगीत हाय ती. मळणी आटोपली की ही नुसती जमीन. पोरं हुंदडतात, बकऱ्या बसतात.” त्याने अणीकडे हनुवटी केली. “लोखंड पण चालतं. तवाच इचारलं असतंस तर सांगितलं असतं, वाईच थांब, भात घरात जाऊ दे, मंग काय ते रोव.”

अंकुश काठी धरून उभा राहिला. ज्या मातीत वाढला तिचा अर्धाच नियम त्याला ठाऊक होता. तो अर्धा लपवण्यापायी त्याने एवढं केलं होतं, आणि उरलेला अर्धा एका प्रश्नावर अडला होता. तो प्रश्न त्याने विचारला नव्हता, कारण त्या दिवशी तो त्या माणसाचा मुलगाच नव्हता.

त्याने मग सांगितलं. नकाशा कुणी बदलला नाही, रेघ माझीच आहे, आतलं मोजायचं राहिलं ते मीच झाकलं. थोडक्यात सांगितलं, कारण लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

देवू शेणाच्या वाळल्या पोपड्यावरून बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, “त्या दिशी तू मला तुमी म्हणालास. तवाच मला कळायला पायजे होतं.”

आणि तो उठून पाड्याकडे गेला. प्रीतमने यंत्र लावलं आणि काठी सरळ धर म्हणून ओरडला. अंकुश खळ्याच्या मधोमध अनवाणी उभा होता. रखमाच्या अंगणातून बापाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. देवू कधी मोठ्याने बोलायचा नाही, त्या दिवशी मुद्दाम बोलला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. “काठीवाल्याला बोल लावू नका. चूक आमच्या घरातली हाय.” अंकुशने मान तिकडे वळवली, काठी कलली, आणि प्रीतमला तो ठिपका पुन्हा घ्यावा लागला.

या वेळी अंकुशने घाई केली नाही. दरडीचा माथा वेगळा घेतला, पाय वेगळा. बांधाचा प्रत्येक वाकडा दगड धरून काठी फिरवली. ऑफिसात आल्यावर मूळ जमिनीच्या चादरीत त्याने खळ्याएवढं भोक कापलं, आणि त्या भोकात खळ्याची स्वतःची चादर बसवली. काचेवर ती फिरवली तेव्हा उतारावर कुणी ताटली अलगद ठेवावी तसं खळं उभं राहिलं. सुंदर दिसत होतं. पहिल्यांदाच असं काढलं असतं तर त्याला आनंद झाला असता.

पण खरी जमीन आली तशी जुनी रेघ तिच्यावर बसेना. रस्त्याला खळं टाळून वळावं लागणार होतं. वरून न्यावा तर कातळ. खालून न्यावा तर बांधाच्या पायथ्याशी एक चिंचोळा तुकडा होता, तोच वाटेत यायचा. हा कुणाचा, असं सरांनी विचारलं. अंकुश म्हणाला, आमचा. त्यात दरवर्षी राब भाजतात, पालापाचोळा जाळून त्या राखेत भाताची रोपं काढतात. वरठ्यांच्या सगळ्या खाचरांची रोपं त्या तुकड्यातून निघायची. सर म्हणाले, मग आधी घरी विचार.

अंकुशने फोनवर आईला कसंबसं सांगितलं. बाला सांगते, एवढंच ती म्हणाली. दोन दिवसांनी देवूच बोईसरला आला.

त्याने धुतलेला सदरा घातला होता. एवढी वर्षं ज्या खुर्चीचं कौतुक तो जगाला सांगत होता ती त्याने कधी पाहिली नव्हती, मुलाने कधी बोलावलंच नव्हतं. दारात येऊन त्याने चपला काढल्या आणि बाहेर भिंतीशी लावून ठेवल्या. आत सगळे बूट-चपलांत बसलेले होते. कुणीतरी म्हणालं, राहू द्या बाबा, चालतं. त्याने ऐकलं नाही.

अंकुश उठला. “बा, तू बस खुर्चीत,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. देवू बसला, अगदी कडेला, खुर्ची दुखेल अशा बेताने. प्रीतमने त्याच्यासमोर चहा आणून ठेवला. अंकुशने बाजूला उभं राहून डोंगर फिरवला. बापाने हवेत फिरवून दाखवलेला तो हाच.

“हे खळं,” त्याने दाखवलं.

देवू पुढे झुकला. “बांधातला तो निसटलेला धोंडा पण हाय की,” तो म्हणाला आणि हसला. मग त्याची नजर खाली उतरली. “आणि हा राब.”

“हो.”

“रेघ त्यावरनं जाते.”

“हो, बा.”

देवूने बोट काचेजवळ नेलं, टेकवलं नाही. खालच्या वाटेपासून वरच्या घरांपर्यंत ते रेघेबरोबर सावकाश चालवत नेलं, राबावरून जाताना किंचित थांबलं, आणि पुढे गेलं. नवी रोपं कुठे काढायची, हे त्याने विचारलं नाही. ते त्याने येतानाच ठरवलं असणार.

“वळण चांगलं काढलंस,” तो म्हणाला. “झोळी पण नीट उतरंल आणि भारे घेतलेला बैल पण चढंल.”

अंकुशने मान खाली घातली. खुर्चीच्या दांडीवर टेकलेले बापाचे पाय दिसत होते, भेगाळलेले, अनवाणी. आणि शेजारी फरशीवर त्याचे स्वतःचे, बुटांतले.